निरभ्र आकाशाखालचा खवळलेला समुद्र

आपल्याकडे समुद्र खवळतो तो सांगूनसवरून. मृग नक्षत्र जवळ आले की पश्चिमेकडून ढगांच्या रांगा येऊ लागतात, किनाऱ्यावरच्या होड्या वर वाळूत ओढून झावळ्यांनी शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत शहाणा माणूस पाण्याच्या वाटेस जात नाही. घाटावर राहणाऱ्या आमच्या बेळगाव-खानापूरकडील शेतकरी कुटुंबांनासुद्धा एवढे ठाऊक असते की, काळे आभाळ आणि वादळी समुद्र ही जुळी भावंडे होत. म्हणूनच ज्या समुद्रावर पावसाचा थेंब नाही, ढगाची चिंधी नाही, ऊन लख्ख पडले आहे आणि तरीही बोट पाळण्यासारखी हेलकावत आहे, अशा समुद्राची हकीकत सांगितली तर ती कोणास खरी वाटत नाही. ग्रीस देशाचा एजियन समुद्र जुलै-ऑगस्ट महिन्यांत नेमका असा असतो.

त्या वेळी तेथे जो वारा सुटतो त्याला ग्रीक लोक आज 'मेल्तेमी' म्हणतात. प्राचीन काळी त्याचे नाव 'एतेसियाई', म्हणजे दरवर्षी ठरल्या वेळी येणारे वारे. ॲरिस्टॉटलने आपल्या आकाशवृत्तांवरील ग्रंथात त्यांची चर्चा केलेली आहे. उन्हाळ्यात बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब अधिक असतो आणि पूर्वेकडे तुर्कस्तानच्या तापलेल्या पठारावर तो कमी असतो. या दोहोंच्या मधून उत्तरेचा कोरडा वारा बेटाबेटांतून खाली धावत येतो. वाचकांना नवल वाटेल, परंतु तुर्कस्तानावरचा हा कमी दाबाचा पट्टा म्हणजे आपल्या मोसमी पावसाला ओढून आणणाऱ्या विस्तीर्ण कमी दाबाच्या प्रदेशाचेच पश्चिमेकडचे शेपूट होय. आपल्या चिखलात भाताची लावणी चालू असते त्याच दिवसांत, त्याच कारणाने, तिकडे निरभ्र आकाशाखाली बोटी डोलत असतात. एकाच चुलीवर ठेवलेली ही दोन भांडी. एकात पाणी उकळते, दुसरे नुसते तापून करपते.

२०२३ साली ऑगस्टच्या आरंभी आम्ही बेळगाव, खानापूर आणि गोव्याकडचे मिळून सोळा यात्रेकरू या समुद्रावर गेलो. संत योहान जेथे हद्दपारीत होते ते पात्मोस बेट पाहावे, वाटेत ग्रीसमधील कॅथलिक बांधवांची सीरोस आणि तिनोस ही बेटेही पाहावीत, असा बेत होता. ज्यांनी यात्रा ठरवून दिली त्यांनी छापील पत्रकात समुद्राचे वर्णन 'तळ्यासारखा शांत' असे केले होते. मे महिन्यात किंवा सप्टेंबरच्या अखेरीस तो कदाचित तसा असेलही. ऑगस्टात ज्याने तो एकदाही पाहिला असेल त्याच्या लेखणीतून हे शब्द उतरते ना. यात्रा विकणाऱ्यांची पत्रके वाचताना महिना कोणता आहे ते आधी पाहावे, एवढे मात्र आम्ही येथेच सांगून ठेवतो.

बोट लहान होती. लांबी पंचेचाळीस मीटरच्या आत, प्रवासी चाळीसच्या आसपास. समुद्रावर जी तरंगती शहरे हिंडतात, ज्यांत तीन-चार हजार माणसे मावतात, त्यांच्याशी तिची तुलना म्हणजे एस. टी. शी सायकलची तुलना. लहान बोटीचे सुख असे की, ती कोणत्याही छोट्या धक्क्याला लागते, कप्तान जेवणाच्या वेळी आपल्या शेजारी येऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशी सर्वांची नावे सर्वांना पाठ होतात. दुःख असे की, लाटेचे एकही बोलणे तिला न ऐकता सोडता येत नाही. मोठ्या बोटींच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पोलादी पंख असतात. बोट चालू असताना ते वळवून तिचे कुशीवर डोलणे पुष्कळसे आवरता येते. आमच्या जुन्या बोटीला ते नव्हते.

आमच्यामध्ये खानापूर भागातील एक मावशी होत्या. वय अडुसष्ट, हाडाच्या शेतकरी, नवरा वारलेला. त्यांचा धाकटा मुलगा सहा वर्षे एका मोठ्या प्रवासी बोटीवर मुदपाकखान्यात नोकरीला आहे. गोव्यात अशा माणसाला 'तारवटी' म्हणतात, आणि सासष्टी-बारदेशात तारवट्याचे घर नाही असा वाडा सापडणे कठीण. आता घाटावरच्या आपल्या गावांतूनही मुले तिकडे जाऊ लागली आहेत. मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो, नऊ-दहा महिन्यांनी घरी येतो, आणि आईने विचारले की "सगळं बरं आहे" म्हणतो. मावशींना पात्मोसची ओढ होतीच. पण निघण्यापूर्वी त्यांनी आमच्यापाशी मनातली गोष्ट बोलून दाखवली होती. "फादर, पोरगा ज्यावर राहतो तो समुद्र मी एकदाबी पाहिला नाही. कारवारला बघितला तो काठावरनं. आत जाऊन बघायचा आहे."

पिरेयसहून निघाल्यावर पहिले दोन-अडीच तास सर्वजण आनंदात होते. अटिका प्रांताची किनारपट्टी डावीकडे आडोसा धरून होती. सूनियो नावाच्या भूशिरावर पोसायडन या समुद्रदेवाच्या प्राचीन मंदिराचे पांढरे खांब उभे आहेत. प्राचीन खलाशी घराकडे परतताना हे खांब दिसले की सुटलो म्हणत, आणि ते का, हे आम्हांला ते खांब मागे पडल्यावर पाच मिनिटांत कळले. भूशीर संपले, आडोसा संपला, आणि उत्तरेचा वारा डाव्या कुशीवर येऊन आदळला. एजियनच्या लाटा आपल्या पावसाळी लाटांसारख्या लांब आणि संथ नसतात. आपल्याकडे लाट हजारो मैल मोकळ्या पाण्यावरून येते, तिला पसरायला जागा मिळते; एका लाटेमागून दुसरी येईपर्यंत बोट श्वास घेऊ शकते. एजियनमध्ये जागोजाग बेटे. वारा जोराचा, पण पळायला अंगण अपुरे. म्हणून लाट उंचीने फार नसली तरी ती उभट, आखूड आणि घाईची असते. पाच-सहा सेकंदांत एक. बोट एका लाटेवरून सावरते न सावरते तोच दुसरी तिला गाठते.

अर्ध्या तासात सोळांपैकी नऊ जणांना बोट लागली. 'बोट लागणे' हा आपला शब्दप्रयोग फार नेमका आहे. बाधा लागावी, दृष्ट लागावी, तशी ती लागते, आणि लागलेल्या माणसाला त्या क्षणी जगात दुसरे काहीही महत्त्वाचे वाटत नाही. असे का होते, याचे उत्तर आता शास्त्राला बऱ्यापैकी माहीत आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नळ्या आहेत. डोके कसे हलते, कोणीकडे कलते, ते त्या मेंदूला सांगतात. खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात की, भिंत, टेबल, पेला, सर्व काही स्थिर आहे. कान सांगतात की, सर्व काही हलते आहे. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो, आणि त्या गोंधळाची शिक्षा बिचाऱ्या पोटाला भोगावी लागते. ज्याचा आतला कान मुळातच काम करीत नाही त्याला बोट लागत नाही, हेही पाहण्यात आलेले आहे. तेव्हा ही मनाची दुर्बलता नव्हे, भित्रेपणा तर नव्हेच. आमच्यातील एक धिप्पाड तरुण, गावच्या कुस्तीच्या फडात नाव मिळवलेला, पहिल्यांदा आडवा झाला. आणि जपमाळ ओढणाऱ्या दोन कृश बहिणी शेवटपर्यंत ठणठणीत राहिल्या.

कोणी हसू नये म्हणून आम्ही त्या तरुणाला संत फ्रान्सिस झेवियरची गोष्ट सांगितली. हा महान प्रेषित ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोचला. वाटेत मोझांबिकहून रोमला धाडलेल्या पत्रात त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की, आपल्याला दोन महिने बोट लागली होती. दोन महिने! आणि त्यातच तो आजाऱ्यांची सेवा करीत होता. तरुणाने अंथरुणातून विचारले, "फादर, मग त्यांना उतार कशानं पडला?" याचे उत्तर पत्रात नाही. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, झेवियरला तेवढ्यात झाली नाही, इतकेच.

उतार पाडण्याची विद्या आम्हांला शिकवली ती बोटीवरच्या एका फिलिपिनो नोकराने. पन्नाशीचा माणूस, गळ्यात मरियामातेचे पदक, निम्मे आयुष्य पाण्यावर गेलेले. त्याने पहिली गोष्ट केली ती ही की, नाळेकडच्या खोल्यांत झोपलेल्या सर्वांना उठवून बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावरच्या जेवणघरात आणले. बोट सी-सॉ सारखी असते. टोके वरखाली होतात, मध्य सर्वांत कमी हलतो. खोली घेताना वरची, पुढची, मोठ्या खिडकीची खोली म्हणून जो अधिक पैसे मोजतो, तो खवळलेल्या समुद्रात अधिक झोके विकत घेतो. दुसरी गोष्ट, ज्यांना उभे राहता येत होते त्यांना त्याने उघड्या डेकवर, मागच्या बाजूला, वाऱ्यात बसवले आणि क्षितिजाकडे पाहावयास सांगितले. क्षितिज हलत नाही. डोळ्यांनी ते धरून ठेवले की डोळ्यांची साक्ष कानांच्या साक्षीशी जुळू लागते. ज्यांना उभे राहवत नव्हते त्यांना पाठीवर निजवून डोळे मिटावयास लावले, कारण मिटलेले डोळे खोटे बोलत नाहीत. वाचन बंद, मोबाईल बंद. पोट रिकामे ठेवू नये, भरूही नये. कोरडा पाव, खारी बिस्किटे, हिरवे सफरचंद, थोडे थोडे पाणी.

मावशींनी हे सगळे ऐकून घेतले आणि आपल्या पिशवीतून आलेपाकाचा डबा काढला. घाटातल्या गाडीत पोरांना गाडी लागते म्हणून ज्या आलेपाकाच्या वड्या आपण जवळ बाळगतो, त्याच. फिलिपिनो गृहस्थाने एक वडी तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याच्या देशातही आल्याचा काढा देतात म्हणे. आल्याने पुष्कळांना आराम पडतो, सर्वांनाच पडत नाही. औषधाच्या गोळ्या अधिक खात्रीच्या, मात्र त्या बोट हलू लागण्याच्या आधी तासभर घ्यावयाच्या असतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात राहातच नाही. कानामागे चिकटवावयाची एक पट्टीही मिळते, तिचे औषध कातडीतून तीन दिवस झिरपत राहते. परंतु या औषधांनी झोप येते, तोंड कोरडे पडते, आणि ज्यांना काचबिंदू आहे अथवा लघवीस अडथळा होतो अशा वृद्धांना ती त्रासदायक ठरू शकतात. म्हणून घरून निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. आमच्यातील दोघे आजोबा विचारून आले होते, त्यांना केवळ आल्यावर आणि क्षितिजावर भागवावे लागले, आणि भागले.

त्याच रात्री जेवणघरात कोणीतरी प्रेषितांच्या कृत्यांतला सत्ताविसावा अध्याय वाचावा असे सुचविले. वाचणे कोणालाच शक्य नव्हते. आम्ही तो आठवेल तसा सांगितला. संत पौलाची ती बोट दोनशे शहात्तर माणसांना घेऊन क्रीटच्या दक्षिणेकडून चालली होती. उपासाचा सण उलटून गेला होता, म्हणजे समुद्रप्रवासाचा हंगाम सरला होता. पौलाने पुढे जाऊ नये असे सांगितले, पण शताधिपतीने कप्तानाचे आणि बोटीच्या मालकाचे ऐकले. मग ईशान्येचे वादळ, बोटीला दोरखंडांनी बांधणे, माल समुद्रात टाकणे, चौदा रात्री भरकटणे. जेम्स स्मिथ नावाच्या एका स्कॉटिश दर्यावर्दी गृहस्थाने १८४८ साली यावर एक ग्रंथ लिहिला. त्या आकाराची बोट त्या वाऱ्यात ताशी किती मैल वाहत जाईल याचा हिशेब त्याने मांडला, आणि तो चौदाव्या रात्री नेमका माल्टाच्या तोंडाशी येतो असे दाखवले. आधी वीस वाव पाणी, मग पंधरा वाव, हे अध्यायातील मोजमापही त्याने त्या किनाऱ्याशी ताडून पाहिले. आम्हांला त्या रात्री मात्र दुसरीच गोष्ट नव्याने लक्षात आली. ते लोक चौदा दिवस जेवले नव्हते. भीतीने जेवले नव्हते, असे आम्ही वेदीवरून कैकदा सांगितले आहे, आणि ते असेलच. परंतु जेवणघरातील ते पिवळे पडलेले चेहरे पाहून, त्या दोनशे शहात्तर जणांपैकी कित्येकांना सरळसरळ बोट लागली असावी, हे कोणास सांगावे लागले नाही. आणि पौलाने काय केले? सर्वांसमक्ष भाकर घेतली, देवाचे आभार मानले, मोडली आणि खाऊ लागला. मग बाकीच्यांनाही धीर येऊन तेही जेवले. कुस्तीगीर तरुणाने यावर एक बिस्कीट मागून घेतले.

सीरोस बेटावर आम्ही एक दिवस होतो. बंदराच्या वर दोन टेकड्या; डावीकडच्या टेकडीवर कॅथलिकांची जुनी वस्ती आनो सीरोस, माथ्यावर संत जॉर्जचे कॅथेड्रल, आणि दुसऱ्या टेकडीवर ऑर्थोडॉक्स बांधवांचे पुनरुत्थानाचे मंदिर. या बेटावर दोन्ही मंडळ्या ईस्टर एकाच दिवशी साजरा करतात, हे ऐकून आनंद झाला. वाऱ्याचे जोर तेथेही कमी नव्हते. कॅथेड्रलकडे चढणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या मुद्दाम वळणावळणाच्या आहेत, त्यांत वारा शिरला तरी वाट चुकतो.

तिनोसवर मात्र पाय रेंगाळला. १८२३ साली जानेवारीच्या अखेरीस तेथे जमिनीखाली मरियामातेच्या संदेशाचे एक प्राचीन चित्र सापडले, आणि त्यावर जे मंदिर उभे राहिले ते आज सबंध ग्रीसचे मोठे यात्रास्थान आहे. बंदरापासून मंदिरापर्यंत चढणीचा सरळ रस्ता. त्याच्या कडेने एक जाड गालिचा अंथरलेला असतो, कारण कित्येक यात्रेकरू ती सबंध चढण गुडघ्यांवर चढतात. मंदिर ऑर्थोडॉक्सांचे, पण बेटावरच्या टेकड्यांत कॅथलिक खेडीही पुष्कळ आहेत, व्हेनिसच्या राज्यापासूनची. ते राज्य तेथे १७१५ पर्यंत टिकले. मंदिरात मान वर केली की छतापासून चांदीचे दिवे लोंबताना दिसतात आणि दिव्यांच्या खाली नवसाच्या लहान लहान चांदीच्या वस्तू: हात, पाय, पाळणा, घर, आणि बोटी. पुष्कळ बोटी. त्यांपैकी एकीच्या बुडाशी एक मासा अडकलेला आहे. वादळात बोटीला भोक पडले, खलाशांनी मातेचा धावा केला, आणि एक मासा त्या भोकात अडकून पाणी थांबले, अशी कथा सांगतात. मावशी त्या माशाकडे फार वेळ पाहत राहिल्या. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाल्या, "कुणाकुणाच्या आयांनी वाहिली असतील नाही ही."

तिनोसहून मिकोनोसच्या दक्षिणेकडील ओर्नोस खाडीत बोट आली आणि तेथे नांगर टाकून बसली. पुढे पात्मोसपर्यंत सुमारे साठ सागरी मैल, आणि मधला टापू इकारियाचा समुद्र. मेणाचे पंख लावून उडालेला इकारस सूर्याच्या फार जवळ गेला आणि पंख वितळून जेथे पडला म्हणतात तो हाच समुद्र. उन्हाळ्यात येथला वारा खलाशांत बदनाम आहे. वारे मोजण्याची बोफर्टची जी मोजपट्टी आहे, तिच्यावर त्या दिवशी सात होते, म्हणजे ताशी पन्नास ते साठ किलोमीटर. आठच्या घरात वारा गेला की ग्रीक बंदरखाते प्रवासी बोटींना बहुधा निघूच देत नाही. कप्तानाने सर्वांना बोलावून सरळ सांगितले: उद्या पहाटे वारा थोडा नरमला तर निघू, नरमला तरी सुख नाही, ज्यांना नको त्यांनी येथेच उतरावे, बेटावर विमानतळ आहे, अथेन्सला जाता येईल. पात्मोसवर विमानतळ नाही, तेव्हा एकदा निघाल्यावर मध्येच उतरण्याची सोय नाही.

यात्रेत आम्ही सोबत होतो, परंतु ही निवड प्रत्येकाने स्वतः करावी असे आम्ही म्हटले. तिघे उतरले. त्यांपैकी एका भगिनीने डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागितली. क्षमा मागण्यासारखे त्यात काय होते? शरीराची मर्यादा ओळखणे हेही एक शहाणपणच आहे, आणि नवस आजाऱ्याकडून हिसकावून घेत नसतात. आम्हांला खरी चिंता मावशींची होती. दोन दिवसांत त्यांच्या पोटात धड काही टिकले नव्हते, तोंड कोरडे पडले होते. बोटीवरच्या परिचारिकेने नाडी पाहिली, मीठ-साखरेचे पाणी दिले, लघवी होते की नाही ते विचारले आणि म्हणाली की, रात्रीपर्यंत पाणी टिकले तर धोका नाही, न टिकले तर यांना उतरवावेच लागेल. बोट लागण्याने माणूस सहसा मरत नाही. परंतु वृद्ध माणसाच्या अंगातले पाणी आटले तर ती थट्टेची गोष्ट राहत नाही. मावशी घोट घोट पाणी पीत बसल्या. दर अर्ध्या तासाने एक पेला, मोजून. रात्री नऊ वाजता त्यांनी आम्हांला बोलावून सहा रिकामे पेले दाखवले.

"टिकलं फादर. आता मला उतरवू नका."

पहाटे चारला निघालो. मेल्तेमीचा जोर रात्री पुष्कळदा कमी असतो, सकाळी ऊन चढले की तो पुन्हा अंगात येतो. म्हणून ही वेळ. कप्तानाने नाळ सरळ पूर्वेकडे धरली नाही. तशी धरली असती तर लाटा सबंध वेळ कुशीवर बसल्या असत्या आणि बोट पाळण्यासारखी दोन्ही अंगांना झुलली असती. तो आधी ईशान्येकडे चढला, वारा नाळेच्या बाजूने घेत. त्यात बोट आपटते, पण झुलत नाही. मग इकारियाचा हजार मीटरांहून उंच डोंगर वाऱ्याच्या आड आला तसा त्याने मोर्चा वळवला. आम्हांला वाटले, आता आडोसा मिळाला. पाणी खरेच सपाट झाले. परंतु डोंगराच्या माथ्यावरून वारा दगड कोसळावा तसा खाली कोसळत होता. सपाट पाण्यावर पांढऱ्या चाबकाचे फटकारे ओढल्यासारखे दिसत, आणि प्रत्येक फटकाऱ्याला बोट दचकत असे. तास-दीड तास हे चालले. चालताना एक हात बोटीसाठी, म्हणजे कठड्याला धरलेला, हा नियम सर्वांनी पाळला. वादळात हाडे मोडतात ती बहुधा जिन्यावर आणि न्हाणीघरात, हातात चहाचा पेला घेऊन निघालेल्यांची.

मावशी मागच्या डेकवर, गोणपाटासारखी जाड घोंगडी पांघरून, खांबाला टेकून बसल्या होत्या. शेजारी तो कुस्तीगीर, डोके गुडघ्यांत खुपसून. मावशींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वर बघ रे पोरा. गाडी उधळली की बैलाच्या पायांकडं बघू नये. लांबची वाट बघावी."

त्याने मान वर केली. आमच्या मते फिलिपिनो गृहस्थाने आणि डॉक्टरांच्या पुस्तकांनी जे सांगितले तेच हे, फक्त बैलगाडीच्या भाषेत.

तो रविवार होता. बोट चालू असताना पवित्र मिस्सा अर्पण करणे शक्य नव्हते. मध्ययुगात दर्यावर्दी लोकांसाठी 'कोरडी मिस्सा' म्हणून एक प्रघात होता. पेला हिंदकळून पवित्र रक्त सांडेल या धास्तीने अर्पण आणि पवित्रीकरण वगळून केवळ वाचने आणि प्रार्थना होत. आम्ही तेवढेही केले नाही. जपमाळेचे पाच दशक म्हटले. दर दुसऱ्या 'नमो मरिये'ला लाट येई आणि अर्धी मंडळी थांबे, बाकीची अर्धी पुरे करी.

साडेअकराच्या सुमारास पात्मोसचे स्काला बंदर आले. खाडीत शिरताच पाणी असे निजले की, कोणीतरी दार लावून घेतले असे वाटावे. बंदरापासून वर गावाकडे जाताना अर्ध्या चढणीवर प्रकटीकरणाची गुहा आहे. संत योहानाला येथे दर्शन झाले, आणि त्याने सांगितलेले शिष्य प्रोखोरस याने लिहून घेतले, अशी परंपरा आहे. गुहेच्या छतात तीन फाट्यांची एक भेग आहे. तीतून वाणी आली असे सांगतात. त्याच्यावर डोंगरमाथ्यावर १०८८ साली ख्रिस्तोदुलोस या संन्याशाने स्थापन केलेला मठ, किल्ल्यासारखा तटबंदीचा, कारण चाच्यांचे भय मोठे. स्कालामध्ये, न हलणाऱ्या जमिनीवर, आम्ही रविवारची मिस्सा अर्पण केली.

गुहेतून बाहेर पडताना समुद्र खाली पुन्हा पांढऱ्या आयाळी उडवताना दिसला. प्रकटीकरणाच्या शेवटी शेवटी, नवे आकाश आणि नवी पृथ्वी यांचे वर्णन करताना, योहान म्हणतो की, तेथे समुद्र नसेल. किनाऱ्यावर बसून हे विधान नेहमी चमत्कारिक वाटे. एवढ्या सुंदर वस्तूला नव्या सृष्टीत जागा का नसावी? परंतु एफिसची मंडळी पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि मध्ये हा समुद्र असताना, हद्दपारीत असलेल्या म्हाताऱ्याने दुसरे काय मागावे.

परतीला आम्ही पश्चिमेकडे आलो नाही. लेरोसवरून दक्षिणेस कोसला गेलो. वारा पाठीशी, बेटे जवळ जवळ. पाठीमागून येणाऱ्या लाटेत बोट आपटत नाही, झुलत नाही, पण शेपटीकडून उचलली जाऊन थोडी वाकडी घसरते, आणि ज्यांना आतापर्यंत काही झाले नव्हते त्या दोन कृश बहिणींना नेमकी ही घसरण बाधली. कोस म्हणजे वैद्यांचा पिता हिपॉक्रेटिस याचे बेट. त्याच्या नावावर असलेल्या सूत्रांत, हालचालीने शरीर बिघडते याचा पुरावा म्हणून समुद्रप्रवासाचाच दाखला दिलेला आहे. मळमळीला युरोपीय भाषांत जो शब्द आहे तोही ग्रीकांच्या 'नाऊस' म्हणजे जहाज या शब्दावरूनच आलेला. अडीच हजार वर्षे माणसे याच पाण्यावर याच कठड्यांना धरून उभी राहिली आहेत.

कोसच्या धक्क्यावर उतरल्यावर जमीन हलू लागली. हेही बहुतेकांना होते. मेंदू डोलण्यास सरावलेला असतो, तो एक-दोन दिवस जमिनीलाच डोलवतो. चर्चच्या बाकावर बसलेली मंडळी एकमेकांकडे पाहून हसत होती. मावशींनी उरलेला आलेपाक डब्यासकट त्या फिलिपिनो गृहस्थाला देऊन टाकला होता.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन लागला. त्याची बोट कोठल्यातरी बंदरात होती. दरवेळी त्या 'जेवलास का' असे आधी विचारतात, हे आम्हांला ठाऊक होते. या वेळी त्यांनी विचारले, "तुझी झोपायची खोली बोटीच्या मधोमध हाय की टोकाला?"

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "अगदी पुढं आहे आई, खालच्या मजल्यावर. तुला कोणी सांगितलं?"